कर्नलसाहेबांच्या गुलाबाच्या काड्या

बाबा चंदीगढला आले तेच परत जायचं ठरवून.

आईला जाऊन वर्ष होत आलं होतं. सांगलीच्या घरात ते एकटे राहत होते आणि फोनवर रोज ‘उत्तम’ म्हणत होते. मग एके दिवशी त्यांच्या खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन आला. दूध करपल्याचा वास जिन्यापर्यंत आला म्हणून त्यांनी वर जाऊन दार ठोठावलं, तर बाबांनी पेपर हातात घेऊनच दार उघडलं आणि मागे स्वयंपाकघर धुरानं भरलेलं. तुम्हाला वास आला नाही का, असं मी बाबांना विचारलं.

“आला की,” ते म्हणाले. “शेजारचं असेल म्हटलं. आपल्याकडं दूध कोण तापवतंय आता?”

दूध त्यांनीच ठेवलं होतं. मी पुण्याचं विमान पकडलं, तिथून सांगलीला गेले आणि त्यांना घेऊन आले. ते आले, पण अटीवर. पाडव्याची गुढी सांगलीच्या गॅलरीत उभी राहिली पाहिजे, म्हणजे त्याच्या आधी त्यांना घरी पोचवायचं. मी हो म्हटलं. मला त्यांना परत पाठवायचं नव्हतं. तसं तोंडावर सांगितलं असतं तर ते दुसऱ्याच दिवशी निघाले असते, म्हणून मी गप्प बसले. पाडव्यापर्यंत काहीतरी होईल अशी आशा होती. काय होईल याची मात्र काही कल्पना नव्हती.

त्या गॅलरीत आईचा गुलाब होता. रॉकेलच्या जुन्या डब्यात लावलेला, गावठी, गुलाबी. फूल दिसायला बेताचं, खिशात राहून चुरगळलेल्या रुमालासारखं. पण वास असा की अंघोळ करून बाहेर येणारा माणूस गॅलरीच्या दारात थबकायचा. आई रोज एक फूल देवाला ठेवायची आणि उरलेल्यांच्या पाकळ्या साखरेत घालायची. ती बरणी कठड्यावर उन्हात असायची. आमच्या घरी डोकं दुखलं, पोट बिघडलं किंवा गणितात कमी मार्क पडले, तर औषध एकच, गुलकंद. निघताना बाबांनी डबा खालच्या काकूंच्या हवाली केला आणि पाणी किती घालायचं ते पेला भरून दाखवलं. चंदीगढला आल्यावर दर रविवारी ते काकूंना फोन करायचे. “डबा कसा आहे?” काकू कशा आहेत हे विचारायचं त्यांना सुचत नसे.

बाबांची नोकरी वजनमापे निरीक्षकाची. आयुष्यभर त्यांनी दुकानदारांची वजनं तपासून त्यांवर शिक्के मारले, आणि खोटी निघालेली जप्त केली. निवृत्त होऊन किती वर्षं झाली तरी तराजू दिसला की त्यांची मान आपोआप तिरकी होते. आमच्या सेक्टरात आठवड्याची मंडी भरते. तिथे ते नुसते भाजीवाल्यासमोर उभे राहिले तरी तो न सांगता दोन बटाटे जास्त टाकतो. बाबा ते दोन्ही बटाटे काढून परत ठेवतात. जास्त म्हणजेसुद्धा चूकच, असं त्यांचं मत आहे. अशा माणसाबरोबर लहानपण काढलेलं असल्यामुळे माझ्या स्वभावात थोडा तिखटपणा आला, असं माझा नवरा म्हणतो. तो सेक्टर तीसमधल्या उपकरणांच्या प्रयोगशाळेत आहे आणि प्रत्येक गोष्टीचं कारण शोधणं हा त्याचा छंद आहे.

आमचं घर तळमजल्यावर, पुढे हिरवळ आणि तिच्या कडेनं वाफे. मी मोहालीला सेक्टर सदुसष्टमध्ये औषधशास्त्र शिकवते. वनस्पतींच्या अर्कांवर मी तासभर बोलू शकते, पण माझ्या हातानं लावलेलं कढीपत्त्याचं झाड आजवर जगलेलं नाही. बाग माळ्यावर सोडलेली. तो सगळ्या रांगेचाच माळी आणि कोणत्याही प्रश्नाला “हो जाएगा जी” हे त्याचं उत्तर. आजवर काही झालं नव्हतं.

शेजारी मात्र कर्नलसाहेब. निवृत्त सरदारजी, पगडीचा रंग रोज वेगळा, गुलाब मात्र कायम. फेब्रुवारीत इथे गुलाबांचं प्रदर्शन भरतं, त्यात त्यांच्या काळपट लाल गुलाबाला दरवर्षी दुसरं बक्षीस मिळतं. पहिलं का मिळत नाही हा विषय त्यांच्यापुढे काढायचा नसतो, हे रांगेत राहायला आलेल्या माणसाला पहिल्याच आठवड्यात कळतं.

दसरा झाला की कर्नलसाहेब कोपरापर्यंतचे हातमोजे घालून छाटणीला उतरतात. इकडे छाटणी ऑक्टोबरातच. तेव्हा कापलं तर थंडीत फूल, नाहीतर नुसती पानं. त्या वर्षी बाबांनी मधल्या बुटक्या कुंपणापाशी खुर्ची टाकली आणि तपासणीला बसल्यासारखे बसले. कर्नलसाहेबांना प्रेक्षक आवडतो. त्यांनी काळ्या-लाल गुलाबापासून सुरुवात केली. आधी वाकून बुंध्यातून काही फांद्या खसाखस काढल्या, त्याबद्दल एक अक्षर बोलले नाहीत. मग वरच्या फांद्यांवर आले आणि डोळा, म्हणजे कोंब फुटायची जागा, बाहेरच्या बाजूला का ठेवायचा यावर हिंदी, पंजाबी आणि इंग्रजीत भाषण दिलं. बाबांना त्यातलं निम्मं कळलं असेल. झाड गुडघ्याएवढं उरलं.

“इतना काटते हैं?” बाबांनी विचारलं.

“गुलाब पे तरस नहीं खाना जी. तरस खाया तो गया.”

कापलेल्या हिरव्यागार काड्यांचा ढीग फाटकापाशी पडला होता. बाबांचं लक्ष झाडावरून त्या ढिगावर गेलं ते परत आलंच नाही.

“इसका क्या करेंगे?”

“कूड़ा है जी.”

“मैं ले लूँ?”

“ले जाओ. पर जलाना मत, धुआँ बहुत करती है.”

गुलाबाची ओली काडी कचऱ्यात टाकायची ही गोष्ट आमच्या सांगलीकडच्या माणसाला झेपणारी नाही. आमच्याकडे गुलाब विकत आणतात ते फार हौशी लोक. बाकीच्यांचा गुलाब कोणाच्या तरी घरून काडीनं येतो आणि काडीनंच पुढे जातो. आईचाही तसाच आला होता. काडी पेन्सिलीहून जाड हवी, खाली तिरका छेद, वरच्या टोकाला शेणाचा गोळा, आणि मातीत खोचून सावलीत ठेवायची. बाबांनी ढिगातल्या सगळ्यात सरळ, रसरशीत, भराभर वाढलेल्या काड्या निवडल्या. त्याही सगळ्या फक्त काळ्या-लाल झाडाच्या. स्वतःच्या डोळ्यांसमोर कापलेला माल होता, शंकेला जागा नव्हती.

शेण आणायचं काम नवऱ्याकडे आलं. तो गोशाळेतून ताजं शेण पिशवीत घालून गाडीतून घेऊन आला आणि पुढचे कितीतरी दिवस गाडीच्या सगळ्या काचा उघड्या ठेवून प्रयोगशाळेत जात होता. थंडी सुरू झाली होती. कोणी विचारलं तर ताजी हवा आवडते असं सांगायचा. दह्याचे डबे, रंगाच्या बादल्या, फुटकी कुकरची भांडी, जे मिळेल त्यात बाबांनी काड्या खोचल्या आणि व्हरांड्यात ओळीनं मांडल्या. शेणाच्या टोप्या घातलेली ती रांग पाहून कर्नलसाहेबांनी कुंपणावरून विचारलं, “ये कौन सी फ़ौज है जी?” बाबा म्हणाले, “रिक्रूट.” दोघांचा तेवढा एक विनोद झाला.

काड्यांना फूल यायला वेळ लागणार, तोवर एखादं झाड विकत आणू या, असं मीच सुचवलं. माणूस झाडात गुंतला तर जायचं विसरेल, हा माझा कावा. नोव्हेंबरात आम्ही नर्सरीत गेलो. शेकडो गुलाब काळ्या पिशव्यांत उभे, फूल एकावरही नाही, आणि प्रत्येकाच्या गळ्यात फुलाचं चित्र. बाबांनी पिशव्या उचलून वजन पाहिलं, मातीचा गोळा ढिला असलेल्या बाजूला केल्या, खोड पक्कं आहे का ते बोटानं दाबून बघितलं. नर्सरीवाला मधूनमधून माझ्याकडे बघत होता. शेवटी बाबांनी मुद्द्याचा प्रश्न विचारला.

“खुशबू है?”

“पक्की खुशबू जी.”

“कहाँ है?”

त्यानं चित्र पुढे केलं. बाबांनी चष्मा वर केला आणि चित्राचा वास घेतला.

“अभी नहीं, अंकल जी. फूल में आएगी.”

तीन झाडं आणली. एक पिवळं, एक केशरी आणि एक असं की त्याचा रंग नर्सरीवाल्यालाही सांगता येईना. माळ्यानं मोहरीची पेंड कुजवून घातली. त्या वासानं आमच्याकडे येणारे-जाणारे कमी झाले, पण डिसेंबरात फुलं आली, आणि काय फुलं आली. माझा नवरा तर मोजपट्टी घेऊनच बाहेर गेला. बाबांनी सगळ्यात मोठ्या फुलाला नाक लावलं, थोडा वेळ ठेवलं, आणि मागे घेतलं.

“कॅलेंडर आहे,” ते म्हणाले.

त्याच सुमाराला रविवारच्या फोनवर काकूंनी सांगितलं की त्या लेकीच्या बाळंतपणाला गेल्या होत्या, मधे पाणी राहिलं, डबा वाळला. फार रडवेल्या झाल्या होत्या. बाबा म्हणाले, “बरं.” मग म्हणाले, “तुमची तब्येत कशी आहे?” एवढ्या महिन्यांत त्यांनी हे पहिल्यांदाच विचारलं.

फोन ठेवून ते व्हरांड्यात काड्यांपाशी जाऊन बसले. मी चहा नेऊन दिला. आता परत जायला डब्याचं कारण उरलं नाही, असं माझ्या मनात आलं आणि माझी मलाच लाज वाटली. बाबांना बहुतेक मनातलं वाचता येतं. “गुढी मात्र तिथंच,” ते चहात बघत म्हणाले.

जानेवारीत धुकं उतरलं. दुपारपर्यंत कर्नलसाहेबांचं घर दिसायचं नाही, फक्त खोकला ऐकू यायचा. बऱ्याच काड्या वरून काळ्या पडत खालपर्यंत मेल्या. पण ज्या जगल्या त्या अशा जगल्या की बघत राहावं. पानांवर पानं फुटत होती. रंगाच्या बादलीतली एक तर उचलायला गेलं तर बादलीच्या भोकातून मुळं लोंबत होती. बाबा रोज सकाळी शाल गुंडाळून त्यांची पाहणी करायचे. बाबा सांगलीहून फोनवर म्हणायचे ते कोरडं ‘उत्तम’ इथे मला पहिल्यांदा खऱ्या अर्थानं ऐकू आलं.

संक्रांतीचं हळदीकुंकू माझ्याकडे असतं. चंदीगढ-मोहालीच्या ट्रायसिटीतल्या मराठी बायका, म्हणजे डॉक्टर, प्राध्यापिका, फौजेतल्या आणि हवाई दलातल्या अधिकाऱ्यांच्या बायका, धुक्यातून गाड्या चालवत येतात. काठापदराच्या साडीवर जाड स्वेटर, आणि तीळगूळ घ्यायला हातमोजे काढावे लागतात. वाण काय लुटायचं याची चर्चा मी नवऱ्याशी करत होते, म्हणजे मी बोलत होते. दरवर्षी साबणदाणी नाहीतर गाळणी. माझ्याच कपाटात दुसऱ्यांनी दिलेल्या इतक्या साबणदाण्या आहेत की साबणांची फॅक्टरी काढावी लागेल.

“रोपं द्या की,” बाबा आतून म्हणाले. “लागलीत भरपूर.”

आई गेल्यापासून घरातल्या कुठल्याही गोष्टीत त्यांनी पहिल्यांदाच तोंड घातलं होतं. त्यांनी दगड द्या म्हटलं असतं तरी मी हळदकुंकू लावून दगड दिले असते.

हळदीकुंकवाच्या वेळी घरातले पुरुष बाहेर कुठेतरी जातात अशी रीत आहे. नवरा गेला. बाबा दारात उभे राहिले. प्रत्येकीला कुंडी हातात देताना ते तेच सांगत होते. “हे कर्नलसाहेबांच्या काळ्या-लाल गुलाबाचं रोप. मी स्वतः समोर बसून काडी घेतली आहे. फूल तळहाताएवढं येतं.” मग कुंपणापलीकडे बोट दाखवायचे. तिथे काळे-लाल गुलाब धुक्यात दमदार उभे होते. बायका बघायच्या आणि कुंडी छातीशी धरायच्या. एवढं भारी वाण आमच्या मंडळात कोणी लुटलेलं नव्हतं. आईची मला त्या दिवशी फार आठवण झाली. तिनं हे मिरवलं असतं.

फेब्रुवारीत प्रदर्शन झालं. कर्नलसाहेब मिठाईचा डबा घेऊन आले, म्हणजे दुसरं बक्षीस. व्हरांड्यात चहा घेताना त्यांची नजर उरलेल्या कुंड्यांवर गेली. ते उठले, वाकले, एक देठ हातात घेऊन त्यावरची पानं मोजली. दुसरा घेऊन मोजली.

“ये कहाँ से लिया जी?”

“आपका ही है,” बाबा कौतुकानं म्हणाले. “काला-लाल.”

“ना जी. मेरे वाले की पाँच पत्तियाँ होती हैं. ये देखो, सात. ये तो जंगली है.”

मग त्यांनी समजावून सांगितलं. भारी गुलाब स्वतःच्या मुळांवर धड जगत नाही, म्हणून त्याचा डोळा जंगली गुलाबाच्या बुंध्यावर बांधतात. वर मानाचं झाड, खाली जंगली. ते जंगली अधूनमधून खालून फांद्या काढतं, वरच्याचं खातं, म्हणून ते दरवर्षी आधी त्यालाच कापतात. बाबांनी ढिगातून निवडलेल्या सरळ, रसरशीत, भराभर वाढलेल्या काड्या त्याच होत्या. त्यांत ज्या खऱ्या काळ्या-लालच्या होत्या त्या थंडीत मेल्या. मरणं हा त्यांच्या खानदानीपणाचाच भाग होता.

“चलो, कोई बात नहीं,” कर्नलसाहेब म्हणाले. “फेंक दो. किसी को दिया तो नहीं?”

बाबांनी हातातला कप खाली ठेवला. शेवटी मीच सांगितलं. कर्नलसाहेब खाली बसले.

“पूरे महाराष्ट्र को?”

“ट्रायसिटीतला आहे तेवढा,” मी म्हटलं. मग हिंदीत सांगितलं.

“मेरे नाम से?”

त्यालाही हो म्हणावं लागलं. कर्नलसाहेबांनी पगडीला हात लावून ती जागेवर आहे ना ते पाहिलं. मग स्वतःच बाबांच्या पाठीवर थाप मारली, हो जाता है जी म्हणाले आणि गेले. बर्फी ठेवून गेले. ती कोणी खाल्ली नाही.

त्या संध्याकाळी नवऱ्यानं बाबांना धीर द्यायचा प्रयत्न केला. काड्या त्याच झाडाच्या होत्या आणि बाबांच्या समोरच कापल्या होत्या, तेव्हा तांत्रिकदृष्ट्या बाबा काही खोटं बोलले नाहीत, असं तो म्हणाला.

“शिक्का खरा आणि वजन खोटं, ह्याला काय म्हणतात ठाऊक आहे का तुम्हाला?” बाबांनी विचारलं. जावयाशी ते या आवाजात कधी बोललेले नाहीत. “ह्याच्यासाठी मी माणसांची दुकानं बंद केलीत.”

दुसऱ्या दिवशी मी कामावरून आले तर उरलेल्या कुंड्या रिकाम्या करून, धुऊन, उपड्या ठेवलेल्या होत्या. रोपं उपटून खताच्या खड्ड्यात गेली होती. खोटं वजन सापडलं की नष्ट करायचं असतं. बाबा पायरीवर बसले होते. नखांत माती होती.

“बाकीचीही परत आणायची,” ते म्हणाले. “घरोघरी जाऊन. मला ने गाडीतून.”

“बाबा, वाण दिलेलं परत घेत नाहीत.”

“खोटं दिलेलं ते वाण कसलं? तुझ्या आईच्या नावाला बट्टा लावला मी.” मग म्हणाले, “आणि माझं तिकीट बघून ठेव. पाडव्याच्या आधी लवकरचंच बघ. इथं आता कुणाला तोंड दाखवू?”

मला कर्नलसाहेबांचा संताप आला. कोणी सांगितलं होतं पानं मोजायला? इतके महिने मला जे साधता येत नव्हतं ते त्या काड्यांनी साधत आणलं होतं, आणि त्यांनी चहा पिता पिता ते उधळून लावलं. परत गेले तर बाबा तिथे काय करतील ते मला दिसत होतं. पेपर वाचतील, आणि धूर झाला तर शेजारचा समजतील. मी तिकीट काढलं नाही. साइट बंद आहे असं सांगितलं. ती सलग कितीतरी दिवस बंद होती.

मार्चातल्या एका रविवारी शेवटी आम्ही निघालो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि डिकीत कुंड्या ठेवायला जुनं पोतं अंथरलं होतं. पहिलं घर सेक्टर तीसमध्ये, नवऱ्याच्या सहकाऱ्याचं. त्याच्या बायकोनं दार उघडलं, बाबांना पाहिलं आणि तिचा चेहराच पडला. “काका, मला माफ करा,” ती आधीच म्हणाली. “मी पाणी जास्त घातलं. गेलं ते.” तिला वाटलं बाबा तपासणीला आलेत. “फार छान झालं,” बाबा मनापासून म्हणाले. तिला काहीच कळेना. चहा घ्यावा लागला.

सेक्टर सदुसष्टला माझ्या एका सहकारी बाईंनी रोप जमिनीत लावलं होतं आणि ते खिडकीच्या गजांपर्यंत पोचलं होतं. बाबांनी उभ्यानंच निवेदन केलं. “माझ्याकडून खोटा माल गेला आहे. हा कर्नलसाहेबांचा गुलाब नव्हे. परत न्यायला आलोय.” बाई कोल्हापूरच्या. कमरेवर हात ठेवून त्यांनी सगळं ऐकून घेतलं. “वाण परत मागायला आलेला माणूस मी आज पहिल्यांदा बघतोय,” त्या म्हणाल्या. “खिडकी आधी मोडावी लागेल काका. चहा घेणार का कॉफी?” बाबांनी गाडीत येऊन सीटबेल्ट लावला. एकही कुंडी मिळाली नव्हती.

शेवटचं घर एयरोसिटीत. हवाई दलातल्या अधिकाऱ्याची बायको, नागपूरची, बदलीवर आलेली. चौथ्या मजल्यावरचा फ्लॅट. दारात तिच्या छोट्या मुलीनं “मम्मा, वो गुलाब वाले नानाजी आए हैं” असं ओरडून सांगितलं. बाबांनी निवेदन सुरू केलं. तेवढ्यात एक विमान अगदी डोक्यावरून गेलं, म्हणून त्यांना ते पुन्हा पहिल्यापासून करावं लागलं. खोटा माल. कर्नलसाहेबांचा नव्हे. परत न्यायला आलो.

“काय काका,” ती म्हणाली. “मी तर तुम्हाला आजच फोन करणार होते ना. फूल आलं त्याला. पाहा तर, या.”

तिनं बाल्कनीचं सरकतं दार उघडलं.

मी बाबांच्या मागे होते. दारातच ते थबकले, म्हणून मीही थबकले, आणि मग मलाही आला. दह्याच्या डब्यातल्या त्या रोपावर एकच फूल होतं. गुलाबी, बेताचं, चुरगळलेल्या रुमालासारखं. सगळी बाल्कनी त्या वासानं भरली होती. क्षणभर मला वाटलं, कठड्यावर बरणी असणार.

बाबा वाकले. चष्मा वर केला. नाक लावलं आणि या वेळी मागे घेतलं नाही. बराच वेळ ते तसेच होते. मुलीनं आईला हळूच विचारलं, “नानाजी रो रहे हैं क्या?” आईनं तिला गप्प केलं. ते रडत होते. मीही रडत होते आणि ते लपवायचा प्रयत्नही केला नाही.

“तोच म्हणता यायचा नाही,” बाबा शेवटी म्हणाले, सरळ उभे राहत. आवाज तपासणीचा होता. “पण नात्यातला आहे.”

“कोणाच्या नात्यातला?” ती म्हणाली. मी तिला आईच्या डब्याचं सांगितलं, थोडक्यात, जमलं तेवढं. तिनं ऐकलं, आत गेली, एक पिशवी घेऊन आली आणि कुंडी उचलून पिशवीत ठेवायला लागली.

“घेऊन जा काका. तुमच्याकडेच बरं आहे ते. मी काही मनात नाही आणणार.”

मी बाबांकडे पाहिलं. डिकीत पोतं अंथरलेलं होतं. घरी त्यांनी एकही रोप शिल्लक ठेवलं नव्हतं. आणि इथे ते सकाळपासून जे मागत फिरत होते ते कोणीतरी आपण होऊन हातात देत होतं.

बाबांनी तिच्या हातातून कुंडी घेतली, पिशवीतून बाहेर काढली, आणि होती त्याच जागी, फूल उन्हाकडे करून ठेवली.

“वाण परत घेत नाहीत,” ते म्हणाले. “पाणी पेलाभर. जास्त नको. मी ऑक्टोबरात येतो काडी न्यायला.”

लिफ्टमध्ये ऑक्टोबर, ऑक्टोबर, एवढंच मी मनात म्हणत होते. गाडीत बसल्यावर मी किल्ली लावली आणि तशीच बसून राहिले, कारण समोरचं नीट दिसत नव्हतं.

“चल की,” बाबा म्हणाले. “वाटेत कुठं बांबू मिळतो का बघ. पाडव्याला काठी लागेल.”